सहलीची पंगत: पत्रावळ की घरचं ताट?

पन्नास माणसं, जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, ताक. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे खरी निवड या दोनांतच.

पत्रावळ हलकी, धुण्याची कटकट नाही. पण घेताना पारखून घ्या. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळींना कधी खाली पुठ्ठा, तर कधी वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. एक पत्रावळ फाडून पाण्यात भिजवा. चकचकीत पापुद्रा सुटला तर ती खतात कुजणार नाही. काडीने टाचलेली पळसाची पत्रावळ उत्तम, मात्र ती कोरडी असेल तर तडकते. आधी पाणी शिंपडून ओल्या फडक्यात ठेवा. द्रोणातून रस्सा झिरपतो, म्हणून उसळीला रस अंगाबरोबरच ठेवा. खतासाठी पत्रावळीचे तुकडे करावे लागतात. अख्खी टाकली तर थर चिकटून आत हवा जात नाही आणि वास सुटतो.

स्टीलचं ताट, वाटी, पेला ज्याने त्याने घरूनच आणायचा. तिथे धुवायचं ठरवलं तर तीन टब आणि साठेक लिटर पाणी लागतं, सहल टेकडीवर असेल तर तेही वर वाहून न्यायचं! त्यापेक्षा भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून खा, कापडी पिशवीत घाला आणि घरी धुवा. विसरणाऱ्यांसाठी पाच-सहा ताटं जादा ठेवा, नाहीतर ऐनवेळी कोणीतरी कागदी प्लेटा आणतोच.

पुण्याजवळ मुळशीकडे शेतावर खताचा खड्डा असेल तर पत्रावळ चालेल. शहरातल्या तळजाई किंवा पाषाणच्या टेकडीवर जाणार असाल, तर ताटच न्या.