कव्हर इंग्लंडचं, तबकडी दमदमची

मंडळी, लिहायला लाज वाटतेय पण लिहितोच, कारण मला जुन्या रेकॉर्डींत फसवणारा तो माणूस अजून राजरोस विकतोय.

मी भुसावळचा. लहानपणी आमच्या रेल्वे क्वार्टरशेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे, ड्युटी नसली की त्यांच्याकडे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या, ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डी लागायच्या, तिथून हे खूळ लागलं ते लागलंच. आता गावात हे ऐकणारे मी धरून दोघं-तिघं, त्यामुळे रेकॉर्ड घ्यायची म्हणजे एकतर मुंबईला चोर बाजारात पायपीट नाहीतर मोबाईलवर फोटो बघून.

हा माणूस असाच व्हॉट्सअॅपवर भेटला. पहिली रेकॉर्ड 900 रुपयांची घेतली, अगदी व्यवस्थित, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून आली, मी खूश. हाच त्याचा गळ होता हे नंतर कळलं. महिनाभरानं त्याचा मेसेज, मुंबईच्या एका पारशी घरातलं कलेक्शन निघालंय, आठ एलपी, 21,000 रुपये, साहेब तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय पण संध्याकाळपर्यंतच.

यादी बघून माझं भान सुटलं. झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं रिचर्ड स्ट्राउसचं झरथुस्त्र, डेक्का कंपनीची एसएक्सएल 6379, वाइड बँड, म्हणजे लेबलवर रुंद चंदेरी पट्टी असलेली जुनी छपाई. कंडक्टर कार्लोस क्लायबरची बेथोव्हनची पाचवी सिम्फनी, ‘ट्युलिप लेबल, फर्स्ट प्रेसिंग’, म्हणजे पहिल्या छपाईची. चेलोवादक जॅकलिन द्यु प्रेचा एल्गारचा चेलो कॉन्चेर्तो, एचएमव्ही एएसडी 655, इंग्लंडची. बाकीच्या पाच भरतीच्या.

आता हसा मला. क्लायबरची रेकॉर्ड काढणाऱ्या डॉइचे ग्रामोफोन कंपनीचं ते कडेनं ट्युलिपची फुलं असलेलं लेबल 1970 च्या आसपास बंद झालं आणि क्लायबरची पाचवी आली 1975 ला. म्हणजे ट्युलिपवाली पाचवी असूच शकत नाही! हे मला माहीत होतं हो, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीच तासभर भाषण दिलं असतं, पण हाव सुटली की माणूस स्वतःला प्रश्न विचारत नाही. मी फक्त एवढं म्हटलं की डेड वॅक्सचे फोटो टाका, म्हणजे लेबलच्या बाहेर जी गुळगुळीत रिकामी पट्टी असते, जिच्यावर मॅट्रिक्स नंबर, म्हणजे छपाईचा नंबर, कोरलेला असतो ती. तर म्हणे लाईट गेलीये सर, सकाळी टाकतो. सकाळी फोटो आलेच नाहीत आणि पैसे मात्र मी रात्रीच यूपीआय करून बसलो होतो.

जानेवारीत पार्सल आलं. कव्हरं खरी, जुन्या कागदाचा तो वास पण खरा. डेक्का काढली तर लेबलवरची चंदेरी पट्टी अरुंद, म्हणजे 1970 नंतरचं री-प्रेस. फोटोतलं रुंद पट्टीवालं लेबल कुणा दुसऱ्याच्याच रेकॉर्डचं असणार. नॅरो बँड वाजायला वाईट असते असं नाही, पण मी पैसे वाइड बँडचे मोजलेत ना. एल्गारचं कव्हर इंग्लंडचं आणि आत आपली कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली मेड इन इंडिया तबकडी. क्लायबरचं लेबल निळ्या रेघांचं, म्हणजे त्या रेकॉर्डला जे असायला हवं तेच! खरं सांगितलं असतं तरी मी घेतलीच असती, त्या बाबाला धड खोटंपण बोलता येत नव्हतं.

पण खरा दणका पुढेच होता. तबकड्या आरशासारख्या चमकत होत्या. झरथुस्त्र लावलं. सुरुवातीला ऑर्गन, डबल बास सगळे मिळून खालचा सा धरून ठेवतात, ते बसल्या खुर्चीत जाणवायला पाहिजे, तिथे नुसतं तळणीत भजी सोडल्यासारखं चरचर. ट्रंपेट चढून पूर्ण ऑर्केस्ट्रा फुटला तिथे तर आवाज पार फाटला, घासून गेलेल्या खाचा लपत नाहीत. पाच मिनिटांत आवाज दबला म्हणून टोनआर्म (सुईचा दांडा) उचलला, तर सुईच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा राखाडी चिकट बोळा. वास घेतला तर फर्निचर पॉलिशसारखा. बारीक ओरखडे फोटोत दिसू नयेत म्हणून काहीतरी फासलं होतं त्यानं, आणि माझी 4,000 ची सुई गेली ती वेगळीच.

फोन केला तर म्हणतो, साहेब तुमच्या भुसावळचं ऊन केवढं, उन्हात खराब झाली असेल. अरे बाबा, जानेवारी आहे, आम्ही शेतात शेकोटीभोवती बसून भरीत खातोय! आणि ऊन लागलं तर रेकॉर्ड वाकते, तिच्यावर पॉलिश चढत नाही. त्यानंतर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नव्हता, त्यामुळे आत काय निघालं याचा माझ्याकडे काहीच पुरावा नाही.

तर घेणाऱ्यांनो, डेड वॅक्सचा फोटो आल्याशिवाय एक रुपया सोडू नका. डेक्का स्टिरिओला तिथे ‘झेडएएल’ या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, शेवटी कटिंग करणाऱ्या इंजिनिअरचं अक्षर, आणि घड्याळात तीन असतात त्या जागी बकिंगहॅम या शब्दातली अक्षरं, बी म्हणजे 1, यू म्हणजे 2, त्यावरून स्टँपर, म्हणजे तबकडी छापायचा साचा, कितवा ते कळतं. चोराला हे सगळं जुळवून दुसरीकडून फोटो आणणं जड जातं. शिवाय मधल्या भोकाजवळचा फोटो मागा, भोक चुकवून स्पिंडलच्या (प्लेअरच्या मधल्या खुंटीच्या) रेघा जितक्या जास्त तितकी ती वाजलेली. तिरक्या टॉर्चमध्ये व्हिडिओ मागा. आणि आरशासारखी चमकत असेल तर दोनदा विचार करा.

गंमत म्हणजे आठातली सगळ्यात बरी ती दमदमची एल्गारच निघाली, साबण-पाण्यानं दोनदा धुतली, आता रोज रात्री तीच लावतो.

परवा धुळ्याच्या मित्रानं फोटो पाठवला, “भाऊ, हाई देख, पारशी घरातलं कलेक्शन शे म्हने.” तेच झरथुस्त्रचं लेबल, कडेला तोच चहाचा डाग. म्हटलं डेड वॅक्सचा फोटो माग. दहा मिनिटांनी त्यानं उत्तराचा स्क्रीनशॉट टाकला: लाईट गेलीये सर.