पैठणी: हप्त्यावर की साठवून?
लातूरच्या आडतीवरून सोयाबीनची पट्टी (विक्रीचा हिशोब नि पैसे) हातात पडली की आमच्याकडे दोन मतं होतात. हौस आत्ताच हप्त्यावर करायची, की महिन्याला थोडं टाकून वर्षाने?

हप्त्याचं बरं इतकंच, की वस्तू लगेच घरात येते. लग्न तोंडावर असेल तर तेही कमी नाही. पण ‘बिनव्याजी’ या शब्दाला भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. प्रोसेसिंग फी, रोखीवरची हुकलेली सूट, कुठूनतरी ते वसूल होतंच.

आम्ही १२ महिन्यांची आवर्ती ठेव काढली, महिना १,००० रुपये. बी-बियाणं, खत, पोरांची फी, दवाखाना यांचा पैसा आधीच वेगळा काढलेला. त्याला हात लावायचा नाही, हे दोघांचं ठरलेलं. मुदत भरली तशी बायकोला घेऊन पैठण गाठलं. मागावर कारागीर पदरातला मोर एकेक रंगीत धागा हाताने गुंफत विणत होता. ती कितीतरी वेळ तिथून हललीच नाही. बारीक काठाची, साधीच घेतली. पैसे मोजताना माझा हात अडखळला नाही. परतीच्या एसटीत तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.