दांड्याचा सुती मॉप की पोतेरं?

पोतेरं म्हणजे सारवायचं फडकं. कुणाला कसंही राबवून घेतलं, तर त्याचंही ‘पोतेरं केलं’ म्हणतात. आठवडी बाजारातला दांड्याचा सुती मॉप या दुसऱ्या अर्थाला पुरून उरतो. शहाबादी फरशीवर झकास: अर्धी बादली पाणी, झाकणभर फिनाइल, घट्ट पिळून मागं सरकत पुसायचं. सारवलेल्या जमिनीवर मात्र नकोच. दोरे पाणी धरतात, शेणाचा थर भिजतो, पोपडे निघतात. तिथं हातातलं पोतेरंच बरं.

घेताना एक दोरा जाळून पाहा. सुताची राख होते, नायलॉनची कडक गोळी. कापसाच्या मुलखात ही परीक्षा करावी लागते, काय म्हणावं! खरी खोट दोरे धरणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यात. ओला मॉप कोपऱ्यात टेकवला की चिमटा गंजतो, फरशीवर तांबडे डाग पडतात. पिळून उन्हात अधांतरी टांगा.