गाणी बाबांच्या पीसीवर, की सगळ्यांच्या लॅपटॉपवर?

नागपूरच्या मनीषनगरची मावसबहीण अडलीय: मावसाजींच्या पीसीवरची ५,००० गाणी घरातल्या तीन लॅपटॉपवर हवीत. पीसीवर जेलीफिन (तिथली गाणी इतरांना ऐकवणारं सॉफ्टवेअर) टाकून वायफायवर ऐकायची, की सिंकथिंगने (फोल्डर सगळ्या मशीनवर सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर) कॉपी करायची?

पैसे दोन्हींत शून्य. जागेचं म्हणाल तर ३२० केबीपीएसचं (म्हणजे चांगल्या दर्जाचं) चार मिनिटांचं गाणं साधारण १० एमबी, म्हणजे सगळी ५० जीबी. जेलीफिनला ती एकदाच लागते, सिंकथिंगला प्रत्येक लॅपटॉपवर.

खरी गोम विजेची. जेलीफिनसाठी पीसी सतत चालू हवा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर. कूलरची हवा माणसांनाच पुरत नाही, तिथे पीसीला कोण देतो? लाइट गेली की सगळ्यांची गाणी बंद. कॉपी मात्र बॅटरीवर वाजते, रेल्वेतही.

सिंकथिंगमध्ये एकाने उडवलेलं गाणं सगळीकडून उडतं. आमच्याकडे भाच्याने ‘जागा करायला’ नाट्यगीतांचा अख्खा फोल्डर साफ केला होता! लॅपटॉपवर ‘रिसीव्ह ओन्ली’ (बदल फक्त घ्यायचे, पाठवायचे नाहीत) ठेवा, तिथली खोडाखोड तिथेच राहते.

लॅपटॉपची डिस्क छोटी आणि सगळे घरातच ऐकणारे, तर जेलीफिन. कुणी पुण्याला होस्टेलवर असेल तर सिंकथिंग. मावशीकडे धाकटा पुण्यातच आहे.