युनिक्स अकाउंटचा मेल जीमेलवर वळवायचाय: डॉट फॉरवर्ड, प्रोकमेल की सिव्ह?

नाशकात बऱ्याच जणांचं असंच होतं, गंगापूर रोडच्या कॉलेजात डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर युनिक्स अकाउंट मिळालेलं असतं, मग नोकरी अंबडला लागते नाहीतर माणूस पुण्याला जातो आणि तिकडचा मेल कोणी उघडत नाही.

सगळ्यात सोपं डॉट फॉरवर्ड (.forward). होम डिरेक्टरीत त्या नावाची टेक्स्ट फाइल बनवायची, आत नवा पत्ता टाकायचा, झालं. नावाआधी टिंब असल्याने नुसत्या एलएसमध्ये (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) ती दिसत नाही. रूट म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार लागत नाहीत, अ‍ॅडमिनच्या मागे फिरावं लागत नाही. पण नुसता पत्ता टाकलात तर सर्व्हरवर कॉपी उरत नाही, म्हणून आधी बॅकस्लॅश लावून स्वतःचं युजरनेम, मग कॉमा आणि बाहेरचा पत्ता असं लिहा. आणि "फाइल केली पण चालतच नाही" म्हणणाऱ्यांनी आधी परमिशन बघावी, फाइल किंवा होम डिरेक्टरीत दुसऱ्यांना लिहिता येत असेल तर सेंडमेल (सर्व्हरवरचा मेल पोचवणारा प्रोग्रॅम) सहसा फाइलकडे बघतच नाही. फाइलला सीएचमॉड 644 करा, म्हणजे लिहायची परवानगी फक्त तुम्हाला राहते.

प्रोकमेल (मेल चाळणारा जुना प्रोग्रॅम) तेव्हा, जेव्हा निवडक मेलच पुढे पाठवायचाय, म्हणजे सरांचा हवा, नोटिसा नकोत. ताकद भरपूर, पण त्याच्या रेसिपी, म्हणजे नियम, वाचताना डोकं धरायची वेळ येते, आणि 2001 ला 3.22 व्हर्जन आल्यावर पुढचं रिलीज थेट 2022 ला. नव्याने शिकायला मी तरी सांगणार नाही. सर्व्हरवर डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल आणि अ‍ॅडमिनने सिव्ह (मेल चाळायचे नियम लिहायची भाषा) चालू ठेवलं असेल तर तेच काम त्यात होतं आणि नियम माणसाला वाचता येतात. कॉपी ठेवायची सोयही आहे.

एक दुखणं मात्र तिन्हींत येऊ शकतं. मेल पुढे जातो तेव्हा पाठवणारा बहुधा मूळचाच राहतो पण सर्व्हर तुमच्या कॉलेजचा, त्यामुळे एसपीएफ (त्या पत्त्याचा मेल या सर्व्हरवरून यायला परवानगी आहे का, ही तपासणी) फेल होऊ शकतं आणि मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा परतही येतो. डीकेआयएमची सही (मूळ पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने मेलवर केलेली डिजिटल सही) शाबूत असेल तर बरेचदा निभावतं. वर तुमच्याकडे आलेला स्पॅमही पुढे जातो, आणि नाव खराब होतं कॉलेजच्या सर्व्हरचं. म्हणून बँकेबिंकेचा मेल तिथे येत असेल तर वळवूच नका, फोनमध्ये आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) ते अकाउंट जोडा. बाकी सगळ्यांना कॉपी ठेवणारं डॉट फॉरवर्ड पुरतं.

टेस्ट मेल त्याच जीमेलवरून पाठवू नका हां, आपणच पाठवलेला मेल फिरून आला तर जीमेल तो इनबॉक्समध्ये नवा म्हणून दाखवत नाही आणि तुम्ही उगाच फाइल खोडत बसाल. मित्राच्या अकाउंटवरून पाठवा.