पायातून जड धातू काढणाऱ्या टबवाल्यांपासून सावध राहा भाऊ

कापसाचे पैशे घरात आले की हे लोक बरोबर गावात हजर होतात. आमच्या समाज मंदिरात शिबिर लावलं, बोर्डावर 'शरीरातील जड धातू बाहेर काढा', अन् भाषणात एकच, फवारणीचं विष तुमच्या हाडात साचलंय. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, तवापासून धास्ती सगळ्यांच्या मनात आहेच, भाषणवाल्यानं तीच धरली. काहून की ते ऑरगॅनोफॉस्फेटवालं कीटकनाशक धातू नसतेच, त्याच्यावर दवाखान्यात ॲट्रोपिन नावाचं उताऱ्याचं औषध देतात, हे कोणाले माहीत!

आमच्या काकाजींचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात ठेवले, मधात वायरवालं कॉईल सोडलं अन् मशीन चालू. पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, वर फेस, खाली काळे कण. मशीनवाला पोरगा तक्ता दाखवून सांगते, हा रंग लिव्हरचा, हे काळं म्हणजे शिसं अन् पारा. माह्या भाच्यानं नंतर अंगणात टोपल्यात मीठपाणी घेऊन दोन लोखंडी पट्ट्या फवारणी पंपाच्या बॅटरीले जोडल्या, पाय कोणाचेच नाही तरी पाणी तस्संच झालं. लोखंडाचा गंज आहे बापा तो.

मग लघवीची तपासणी, पण त्याआधी एक कॅप्सूल खायला दिली. खरी गोम इथं आहे. ते औषध धातूले पकडून लघवीतून बाहेर आणते, म्हणजे ते खाल्ल्यावर धडधाकट माणसाचाही आकडा वाढतेच, अन् रिपोर्टवरची मर्यादा असते औषध न घेतलेल्या लघवीची. शिसं लाल अक्षरात 'हाय' आलं, तालुक्याले धातू काढायच्या सलाईनचा कोर्स ठरला, अठरा हजार.

शिशाची विषबाधा रक्त तपासून ठरली तर डॉक्टर हा उपचार देतात, तो खोटा नाही. पण त्या सलाईनमधी ईडीटीए, म्हणजे धातूले पकडणारं औषध, तेही कॅल्शियमवालंच लागते, नुसतं डायसोडियम ईडीटीए गेलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरते, अमेरिकेत 2005 मधी पाच वर्षांचं पोरगं यानंच गेलं. काकाजींच्या बाटलीवर तर लेबलच नव्हतं. सलाईन चालू असतानीच ओठाले मुंग्या आल्या, बोटं आखडली, तसंच उचलून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं कॅल्शियम कमी निघालं.

पैशे मागायला गेलो तर पावती 'आरोग्य किट'ची, ठाण्यात म्हणे किट तर भेटली ना तुमाले.

आता त्यांची गाडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावात लागते म्हणतात. दिसली तर त्याले चार लोकांसमोर एवढंच म्हणा, पाय न टाकता मशीन चालू करून दाखव.