दुधाच्या फेसासाठी थर्मामीटर: डायलवाला की डिजिटल, आणि तपासायचा कशात?

घरी कॅपुचिनोसाठी दूध स्टीम करताना, म्हणजे वाफेने तापवून फेस काढताना, ५५ ते ६५ डिग्रीच्या मधे कुठेतरी थांबायचं असतं, ७० च्या वर गेलं की गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास यायला लागतो. म्हणजे थर्मामीटर ५ डिग्रीने जरी चुकला तरी कप बिघडला. म्हणून घेताना आधी हे बघा की तो चुकायला लागल्यावर घरच्या घरी सरळ करता येतो का.

डायलवाला पिचरला, म्हणजे दुधाच्या जगला, क्लिपने अडकतो, बॅटरीची कटकट नाही, आणि बऱ्याच मॉडेलांना डायलच्या मागे नट असतो, पान्याने फिरवला की काटा जागेवर. पण आहे सुस्त, दूध पुढे गेलेलं असतं आणि काटा मागून येत असतो, त्यामुळे स्टीम थोडी आधीच बंद करायची. शिवाय त्याची दांडी नुसत्या टोकाने नाही तर खालच्या काही सेंटिमीटर भागाने तापमान घेते, एकाच कपाचं दूध असेल तर तो भाग पूर्ण बुडतच नाही आणि मग कितीही कॅलिब्रेट केलात, म्हणजे काटा जागेवर आणलात, तरी आकडा चुकणारच. डिजिटल प्रोब टोकावर मोजतो आणि पटकन मोजतो, पण स्वस्तातल्या अनेकांना कॅलिब्रेशनची सोयच नसते, बसा डोक्यात वजाबाकी करत! तरी एकट्यापुरती कॉफी असेल तर डिजिटलच घ्या, दोन-तीन कप एकदम करत असाल तर नटवाला डायल. लांबूनच तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनच्या नादी लागू नका, ती फेसाचा फक्त वरचा थर मोजते आणि चकचकीत स्टीलवर धरली तर काहीही सांगते.

तपासायला उकळत्या पाण्यापेक्षा मी ० डिग्रीचा वितळता बर्फच म्हणेन. पाणी १०० ला उकळतं ते मुंबईत, पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे ९८ लाच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ ला. पुण्यात बसून काटा १०० वर आणलात तर तो पुढे २ डिग्री जास्तच दाखवत राहणार आणि दूध तेवढं कोमट. बर्फाला उंचीने काही फरक पडत नाही. फक्त पाण्यात चार खडे टाकून भागत नाही, बर्फ कुटून ग्लास तळापर्यंत भरा आणि फटी भरतील एवढंच पाणी घाला, कारण ४ डिग्रीचं पाणी सगळ्यात जड, ते तळाला जाऊन बसतं आणि दांडीचं टोकही तिथेच असतं. ढवळत राहा, टोक ग्लासाला टेकू देऊ नका, काटा स्थिरावला की नट फिरवून ० वर आणा. डायलवर ० नसेलच तर मग उकळतं पाणी, दर ३०० मीटर उंचीला साधारण १ डिग्री वजा करून.